काडीएवढी खाण

२०१३ च्या उन्हाळ्यात बिटकॉइनच्या बाजारात एक वस्तू आली. दिसायला पेन ड्राइव्हसारखी, पाठीला ॲल्युमिनियमचा चपटा हीटसिंक, नाव ब्लॉक इरप्टर. बनवणारी कंपनी चीनमधली, एसिकमायनर. संगणकाच्या यूएसबी खाचेत ती खोचायची, एक छोटा प्रोग्राम सुरू करायचा, की ती सेकंदाला ३३ कोटी ६० लाख वेळा एकच गणित करायला लागायची, तेही जेमतेम अडीच वॅट विजेत. त्याआधी याच कामाला लोक गेमिंगची ग्राफिक्स कार्डं जुंपत आणि रेडिऑन एचडी ५८७० सारखं कार्ड जवळपास तेवढंच काम करायला दीडशे-पावणेदोनशे वॅट खात असे. त्यामुळे या काडीचं लोकांना अप्रूप वाटलं यात नवल नाही. सुरुवातीची किंमत होती सुमारे २ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावाने दोनशे डॉलरच्या घरात. आणि विकत घेणाऱ्यांपैकी अनेकांनी पहिलं काम काय केलं असेल, तर हीटसिंक उचकटून आत डोकावून पाहिलं, की ही आणखी जोरात पळवता येईल का.

येत होती. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक यूएसबी मायनरला ओव्हरक्लॉक करायची काही ना काही युक्ती निघाली, पुढे तर बनवणाऱ्यांनीच ती सोय आतच बसवून दिली. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे चिपला कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. मला या उद्योगाबद्दल तक्रार नाही, कौतुकच आहे. पण त्यामागे जो हिशोब सांगितला जातो, तो तपासून पाहिला पाहिजे. ओव्हरक्लॉकिंग हा जुना, सभ्य आणि कधीकधी चांगलाच फायद्याचा छंद आहे. मात्र तो फायद्याचा तिथेच ठरतो, जिथे काम मोजण्याची फूटपट्टी आपल्या मालकीची असते. बिटकॉइनच्या खाणकामात ती फूटपट्टी सगळ्यांची मिळून असते आणि साधारण दर दोन आठवड्यांनी बदलते. काडी कितीही पळवली, तरी तिचं मोजमाप या सरकत्या पट्टीवरच होणार, आणि ओव्हरक्लॉकिंगचं सगळं अर्थकारण याच एका गोष्टीपाशी येऊन अडतं.

आधी काडी करते काय, ते पाहू. बिटकॉइनच्या प्रत्येक ब्लॉकला एक शीर्षक असतं, त्यात एका आकड्यासाठी ३२ बिटांची जागा मोकळी ठेवलेली असते. त्या जागी कुठलाही आकडा घालायचा, सगळ्या शीर्षकावर एसएचए-२५६ ही प्रक्रिया दोनदा चालवायची आणि येणारं उत्तर ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आहे का ते बघायचं. नसेल तर पुढचा आकडा. यात हुशारी नाही, अनुभव नाही, जवळ पोचल्याचं समाधानही नाही. आधीच्या अब्जावधी फसलेल्या प्रयत्नांचा पुढच्या प्रयत्नाला काडीचाही उपयोग होत नाही. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी आकडे मावतात. ब्लॉक इरप्टर ते सगळे पावणेतेरा सेकंदांत संपवायची आणि मग संगणकाकडे नवं शीर्षक मागायची. चिपच्या पोटात हे गणित करणारे लहान लहान गाभे असतात आणि बहुतेक चिपमध्ये प्रत्येक गाभा क्लॉकच्या एका ठोक्याला एक हॅश, म्हणजे असं एक गणित, उरकतो. त्यामुळे वेग काढायचं सूत्र शाळकरी आहे: गाभ्यांची संख्या गुणिले फ्रिक्वेन्सी. बिटमेनच्या अँटमायनर एस५ मधली बीएम१३८४ ही चिप पुढे गेकोसायन्सच्या कॉम्पॅक या काडीत आली. तिच्यात ५५ गाभे, १५० मेगाहर्ट्झला सव्वाआठ गिगाहॅश. एस१७ मधली बीएम१३९७ ही चिप कॉम्पॅक एफ मध्ये आली. तिच्यात ६७२ गाभे, ४०० मेगाहर्ट्झला २६९ गिगाहॅशच्या जवळ. गाभे आपल्या हातात नाहीत. हातात आहे ती फक्त फ्रिक्वेन्सी.

ती वाढवायच्या तऱ्हा मोठ्या गमतीच्या आहेत. ब्लॉक इरप्टरमध्ये क्लॉक ठरायचं ते एका १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून. चिप त्याला २८ ने गुणून स्वतःचा वेग काढायची. तेव्हा सोल्डरिंग गनने तो तांदळाएवढा क्रिस्टल काढायचा, त्या जागी १४ मेगाहर्ट्झचा बसवायचा, की वेग तिथल्या तिथे ३३६ वरून ३९२ मेगाहॅशवर. चिप तेवढ्या वेगाला टिकत नसेल, तर व्होल्टेज ठरवणारा रेझिस्टरही बदलायचा. बिटमेनची अँटमायनर यू१ आली तेव्हा हा ताप कमी झाला, कारण तिची फ्रिक्वेन्सी प्रोग्राम सुरू करतानाच सांगता येई. ०७८१ असा संकेत दिला की १.६ गिगाहॅश, ०९८१ दिला की २ गिगाहॅश. व्होल्टेजसाठी मात्र तिथेही हातकाम होतंच, आणि सगळ्यात स्वस्त उपाय होता पेन्सिलीचा: ठरावीक रेझिस्टरवर शिशाची रेघ ओढायची, ग्रॅफाइट वीज वाहून नेतो, त्यामुळे रेझिस्टरचा रोध थोडा घटतो आणि चिपला मिळणारं व्होल्टेज थोडं चढतं. रेघ जास्त झाली तर खोडरबर. गेकोसायन्सच्या काड्यांनी या सगळ्याला राजमान्यता दिली. त्यांच्या सर्किटच्या पाटीवर पितळी खाचेचा एक इवलासा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, असतो. घड्याळजीच्या स्क्रू ड्रायव्हरने तो केसभर फिरवायचा, मल्टिमीटरवर व्होल्टेज पाहायचं, पडद्यावर फ्रिक्वेन्सी एक पायरी वाढवायची आणि वाट बघायची.

कशाची वाट? चुकांची. काडीने एखादा आकडा सापडला असं कळवलं, की संगणकावरचा प्रोग्राम ते गणित स्वतः एकदा करून पाहतो. उत्तर जुळलं नाही तर ती नोंद एचडब्ल्यू या खान्यात जाते, हार्डवेअरची चूक म्हणून. क्लॉक ठोक्यागणिक हिशोब मागतं आणि आतल्या ट्रान्झिस्टरांना शून्याचा एक व्हायला लागणारा वेळ त्या ठोक्यात मावेनासा झाला, की चिप चुकीची उत्तरं देऊ लागते. ती थांबत नाही, धूर काढत नाही, फक्त खोटं बोलायला लागते. नवशिक्यांची फसगत इथे होते. फ्रिक्वेन्सीवरून काढलेला वेग वाढलेला दिसतो, पण पूलने, म्हणजे अनेकांचं खाणकाम एकत्र करून कमाई वाटणाऱ्या जागेने, पदरात घातलेलं काम तेवढंच राहतं किंवा उतरतं. यावरचा उतारा व्होल्टेज वाढवणं, कारण व्होल्टेज जास्त असेल तर ट्रान्झिस्टर झपाट्याने पालटतात. आणि इथून खरा खर्च सुरू होतो. चिपची वीज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फ्रिक्वेन्सी २० टक्के वाढवली आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के चढवावं लागलं, तर वीज १.२ गुणिले १.२१, म्हणजे ४५ टक्के वाढली. काम २० टक्के जास्त, वीज ४५ टक्के जास्त. दर हॅशमागचा खर्च २१ टक्क्यांनी महागला. यात तापल्यामुळे गळणाऱ्या जादा विजेचा हिशोब अजून धरलेलाच नाही.

त्यात यूएसबीची स्वतःची मर्यादा. जुन्या यूएसबी २.० खाचेतून अधिकृतपणे ५०० मिलिअँपियर मिळतात, म्हणजे पाच व्होल्टला अडीच वॅट, यूएसबी ३.० मधून ९००, म्हणजे साडेचार वॅट. ब्लॉक इरप्टर मुळातच काठावर होती, ओव्हरक्लॉक केली की मर्यादेबाहेर. म्हणून स्वतंत्र ॲडॅप्टरचे हब आले, मग काड्यांच्या रांगेवर वारा घालायला यूएसबीवरच चालणारे छोटे पंखे आले, मग संगणक रात्रभर चालू ठेवणं परवडेना म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आला. कॉम्पॅक एफ सारख्या काडीला तर दोन-तीन अँपियर लागू शकतात, साध्या हबची प्लास्टिक खाच तेवढ्याने मऊ पडते. काडीची किंमत म्हणून जो आकडा सांगितला जातो, त्यात हे काहीच नसतं.

आता मुख्य मुद्द्याकडे. ओव्हरक्लॉकिंगला इतकी प्रतिष्ठा मिळाली, ती फुकटची नाही. १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर काढला. त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की तो ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झला बिनतक्रार चालायचा आणि कितीतरी महागड्या प्रोसेसरच्या पंक्तीला बसायचा. तो निखळ फायदा होता. पण का होता, हे पाहायला हवं. त्या संगणकावर गेम पूर्वीपेक्षा सफाईने चालायचा, आणि शेजाऱ्यानेही आपला सेलेरॉन पळवला म्हणून आपला गेम मंदावत नव्हता. काम करणाऱ्याचं होतं, मोजणाराही तोच होता. दहा लाख लोकांनी ओव्हरक्लॉक केलं असतं, तरी दहाही लाखांचा फायदा झाला असता.

खाणकामात असं होत नाही, आणि ते चुकून नाही, तशी रचनाच आहे. सरासरी दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक निघावा, हे बिटकॉइनच्या नियमांत कोरलेलं आहे. जास्त यंत्रं आली, जास्त वेगाने चालली आणि ब्लॉक लवकर निघू लागले, की दर २०१६ ब्लॉकनंतर काठिण्यपातळी, जिला सगळे डिफिकल्टी म्हणतात, आपोआप वाढते आणि गाडी पुन्हा दहा मिनिटांवर येते. जगभर मिळून दिवसाला निघणारी नाणी तेवढीच राहतात. म्हणजे आपल्या काडीची कमाई तिच्या वेगावर ठरत नाही. तिचा वेग भागिले जगाचा वेग, यावर ठरते. एकट्याने ओव्हरक्लॉक केलं तर त्याचा वाटा तेवढा वाढेल, हे खरं. सगळ्यांनी केलं, तर कोणाचाच वाटा बदलणार नाही, फक्त सगळ्यांचं वीजबिल वाढेल. आणि ही युक्ती एकट्यापुरती कधीच राहत नाही, कारण ती सगळ्यांना एकाच दिवशी कळते.

हे नुसतं तत्त्व नाही, २०१३ चे आकडेच बोलतात. जून २०१३ च्या सुरुवातीला डिफिकल्टी होती सुमारे १ कोटी ५६ लाख. डिसेंबर संपताना ती ११८ कोटींवर होती, म्हणजे पंचाहत्तर पट, साडेसहा-सात महिन्यांत. त्या वेळी प्रत्येक ब्लॉकला २५ बिटकॉइन मिळत. या आकड्यांवरून हिशोब मांडला, तर जूनच्या आरंभी एक ब्लॉक इरप्टर दिवसाला साधारण ०.०१०८ बिटकॉइन मिळवत होती. किंमत २ बिटकॉइन. सरळ भागाकार केला तर १८५ दिवसांत पैसे वसूल. विकत घेणाऱ्यांनी बहुधा हाच भागाकार केला असावा. पण डिफिकल्टी ज्या चालीने वाढली ती चाल धरली, तर रोजची कमाई दर महिन्याला जवळपास निम्मी होत जाते, आणि काडी अनंतकाळ चालवली तरी एकूण जमा होतात ते सुमारे अर्धा बिटकॉइन. वीज फुकट धरून. दोन घातले, अर्धा मिळाला.

आता याच काडीचा क्रिस्टल बदलू. वेग १७ टक्के वाढला, अर्ध्या बिटकॉइनच्या जागी ०.५८ मिळाले. तोटा दीड बिटकॉइनचा होता, तो १.४२ चा झाला. दुसऱ्या बाजूनेही तपासता येतं: त्या चालीने डिफिकल्टी १७ टक्के वाढायला किती दिवस लागत होते? साधारण सात. म्हणजे हीटसिंक काढा, क्रिस्टल शोधा, सोल्डर करा, पंखा लावा, एवढ्या उठाठेवीची कमाई म्हणजे आठवडाभराची सवलत. आठवी सकाळ उजाडली की काडी पुन्हा होती तिथे. हीच काडी आठ दिवस आधी घरी पोचली असती, तर कुठलाही स्क्रू न फिरवता तेवढंच पदरात पडलं असतं. त्या वर्षी खाणकामात कुरिअर हे ओव्हरक्लॉकिंगपेक्षा प्रभावी तंत्र होतं, असं म्हटलं तर चेष्टा वाटेल, पण हिशोब तोच सांगतो.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो वरवर बिनतोड आहे. जून २०१३ मध्ये शंभर-सव्वाशे डॉलरच्या आसपास असलेला बिटकॉइन नोव्हेंबरअखेर हजार डॉलरच्या पलीकडे गेला. अर्धा बिटकॉइन का होईना, त्याचे पाचशे डॉलर झाले. काडी तर दोनशेला घेतली होती. मग तोटा कसला? पण भाव वाढला तो बिटकॉइनचा, काडीचा नाही. ज्याने ती काडी घेतलीच नाही आणि आपले दोन बिटकॉइन तसेच ठेवले, त्याचे दोन हजार झाले. भाववाढीचं श्रेय यंत्राच्या खात्यात जमा करायची ही सवय खाणकामाच्या सगळ्या चर्चांत इतकी मुरलेली आहे, की ती वेगळी काढल्याशिवाय कुठलाही हिशोब सुरूच होत नाही. यंत्राची परीक्षा घ्यायची तर ती नाण्यातच घेतली पाहिजे: किती नाणी घातली, किती निघाली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. २०१३ हे वर्ष असाधारण होतं; आता डिफिकल्टी महिन्याला दुप्पट होत नाही. बरोबर. चिप तयार करण्याचं तंत्र त्या वेळी काही वर्षांची उडी काही महिन्यांत मारत होतं. आता ती चाल मंदावली आहे. म्हणून आजचा हिशोब वेगळा मांडू. एप्रिल २०२४ पासून ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात, दिवसाला १४४ ब्लॉक धरले तर सगळ्या जगाला ४५० बिटकॉइन. जगाचा वेग २०२५ मध्ये सेकंदाला एक झेटाहॅशच्या घरात पोचला, म्हणजे एकावर एकवीस शून्यं. भाव हिशोबाच्या सोयीसाठी एक कोटी रुपये धरू. २०२५ च्या उत्तरार्धात काही काळ तो त्याच्या आसपास होताच. तर एका टेराहॅशला दिवसाकाठी साडेचार रुपये. कॉम्पॅक एफ ०.३ टेराहॅशला चालवली, तर दिवसाला एक रुपया पस्तीस पैसे. हीच चिप असलेली एस१७ जातीची मोठी यंत्रं टेराहॅशला ४० ते ४५ जूल खातात. त्यातला कमीत कमी आकडा घेतला तरी काडीला १२ वॅट लागले, दिवसाला ०.२९ युनिट. ज्या घराचा वापर वरच्या टप्प्यात जातो तिथे युनिट दहा रुपयांना पडतं असं धरलं, तर विजेचे जवळजवळ तीन रुपये. एक रुपया पस्तीस पैशांच्या जागी एक रुपया बासष्ट पैसे मिळवायला इथे पॉट फिरवायचा, तर विजेचे तीनाचे सव्वाचार होणार. आधीच तोट्यात असलेलं काम जास्त जोमाने करायचं, एवढाच त्याचा अर्थ.

ताज्या चिपचं चित्र थोडं बरं आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. बिटॲक्स गामा हे आता गाजत असलेलं छोटं यंत्र काडीपेक्षा मोठं, पण तळहातावर मावणारं. त्यात एस२१ प्रो ची बीएम१३७० चिप आहे, सुमारे १.२ टेराहॅश, सतरा-अठरा वॅट. दिवसाची कमाई पाच रुपये चाळीस पैसे, वीज चार रुपयांच्या थोडी वर. यंत्राची किंमत बाजूला ठेवली तर हातात रुपया-सव्वा रुपया उरतो. मग इथे ओव्हरक्लॉक करायला काय हरकत? २० टक्के जादा वेगाचे एक रुपया आठ पैसे मिळतील. ४५ टक्के जादा विजेचे एक रुपया पंच्याऐंशी पैसे जातील. मूळ यंत्र नफ्यात आहे, पण ओव्हरक्लॉकिंगचा तुकडा स्वतंत्रपणे तोट्यात आहे. हे दोन हिशोब वेगळे ठेवले नाहीत, की पहिल्या भागाचा नफा दुसऱ्या भागाचा तोटा झाकतो आणि माणूस समाधानाने स्क्रू फिरवत राहतो. मोठ्या खाणीसुद्धा तेजीत ओव्हरक्लॉक करतात, तेलात बुडवलेली यंत्रं मर्यादेपलीकडे पळवतात, असा दाखला कोणी देईल. देतातच, आणि त्या शहाणपणानेच करतात, कारण त्यांची वीज घरगुती दराच्या काही अंशाने मिळते आणि शेवटच्या वॅटची कमाई त्या वॅटच्या खर्चापेक्षा जास्त असेतोवरच त्या वेग वाढवतात. भाव पडला की याच खाणी उलट दिशेने जातात. २०१६ मध्ये आलेलं एस९ हे यंत्र पुढे कित्येक वर्षं तगलं, ते क्लॉक आणि व्होल्टेज उतरवून, प्रत्येक चिपला झेपेल तेवढंच ओझं देऊन. मोठ्यांकडून शिकायचंच असेल, तर त्यांची ही अर्धी बाजूही शिकायला हवी.

वीज फुकट आहे, असं म्हणणाऱ्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. वसतिगृहाची वीज फुकट नसते, संस्थेचं बिल येतं. छपरावरच्या सोलरचं युनिटही फुकट नसतं. नेट मीटरिंग असेल तर ते महावितरणच्या बिलातून वजा झालं असतं.

उरतो तो लॉटरीचा युक्तिवाद, आणि आज यूएसबी मायनर विकले जातात ते याच एका वाक्यावर. पूलमध्ये शिरून पैसे गोळा करायचेच नाहीत, एकट्याने खणायचं. लागला तर अख्खा ब्लॉक आपला. यासाठीची सर्वांत माहितीतली जागा म्हणजे सोलो सीकेपूल, जी चालवतात कॉन कोलिव्हास, पेशाने भूलतज्ज्ञ असलेले ऑस्ट्रेलियन प्रोग्रामर. सीजीमायनर हा बहुतेक काड्या चालवणारा प्रोग्रामही त्यांचाच. ही जागा दोन टक्के ठेवून बाकीचं बक्षीस शोधणाऱ्याला देते. आणि ब्लॉक खरंच लागतात. मार्च २०२५ मध्ये ४८० गिगाहॅशच्या एका बिटॲक्सने ब्लॉक काढल्याची बातमी जगभर गाजली. तीन बिटकॉइनहून जास्त रक्कम, हातावर मावणाऱ्या यंत्रातून. या युक्तिवादाला हसणं सोपं आहे, पण अन्याय्य आहे. विकल्या गेलेल्या तिकिटांचा पैसा वाटताना कुठलंही सरकारी लॉटरी खातं ९८ टक्के परत देत नाही. शक्यतेच्या भाषेत बोलायचं तर एकट्याचं खाणकाम ही बाजारातल्या सगळ्यांत प्रामाणिक लॉटऱ्यांपैकी एक आहे.

तरीही ओव्हरक्लॉकिंगला या युक्तिवादाचा आधार मिळत नाही. ०.३ टेराहॅशच्या काडीला, जगाचा वेग एक झेटाहॅश धरला, तर वर्षभरात ब्लॉक लागण्याची शक्यता त्रेसष्ट हजारांत एक. ती ०.४ पर्यंत ताणली तर साडेसत्तेचाळीस हजारांत एक. कागदावर ही एक तृतीयांश वाढ आहे. माणसाच्या आयुष्याच्या मापात दोन्ही आकडे एकच आहेत. आणि जो ब्लॉक लागतो तो ओव्हरक्लॉकिंगमुळे लागला असं कधीच म्हणता येत नाही. बातमीतल्या त्या ४८० गिगाहॅशच्या यंत्राला, जगाच्या त्या वेळच्या वेगाने, वर्षाला साधारण तीस हजारांत एक एवढी संधी होती. जगात तसली तीस हजार यंत्रं चालू असतील तर वर्षाकाठी सरासरी एकाला लागणारच. लागलेल्याचा फोटो छापून येतो, बाकीच्या २९,९९९ जणांचा येत नाही. शक्यता वाढवायचीच असेल, तर ओव्हरक्लॉक करण्यापेक्षा दुसरं यंत्र मूळ वेगाने चालवणं दर हॅशमागे विजेला स्वस्त पडतं. लॉटरीचा शौक असलेल्यालाही गणित हाच सल्ला देतं, हे गमतीचं आहे.

विकेंद्रीकरणाचा मुद्दा मात्र जरा थांबून ऐकण्यासारखा आहे. खाणकाम मूठभर पूलांच्या आणि एक-दोन चिप कंपन्यांच्या हाती गेलं आहे, तेव्हा घरोघरी लहान यंत्रं असणं हाच त्यावर उतारा, असं मानणारे अनेक जण आहेत. बळाच्या हिशोबाने यात तथ्य नाही. कॉम्पॅक एफ सारख्या एक लाख काड्या एकत्र आल्या तरी ३० पेटाहॅश, म्हणजे जगाच्या वेगाच्या ०.००३ टक्के. त्या सगळ्या ओव्हरक्लॉक केल्या तर ०.००४. पण बिटॲक्सने केलेली गोष्ट वेगाची नव्हतीच. या यंत्राचा आराखडा आणि प्रोग्राम दोन्ही खुले आहेत. बिटमेन आपल्या चिप सुट्या विकत नसल्याने लोक मोठ्या यंत्रांच्या पाट्यांवरून त्या उकलून काढत, त्यांची भाषा उलगडत आणि ती सगळ्यांसाठी लिहून ठेवत. जे ज्ञान आजवर शेनझेनमधल्या कारखान्याच्या भिंतीआड होतं, ते घरच्या टेबलावर आलं. याचं मोल मोठं आहे, फक्त ते सेकंदाला किती हॅश यात मोजता येत नाही.

आपल्याकडे हा छंद करणाऱ्याला दोन गोष्टी जास्तीच्या सोसाव्या लागतात. पहिली उन्हाळा. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक विजेमुळे होणारी वाढ, आणि ही वाढ वॅटच्या प्रमाणात असते. खोलीपेक्षा ४० अंशांनी तापणारी चिप ४५ टक्के जादा वीज खाऊ लागली, की ५८ अंशांनी तापते. ओव्हरक्लॉकिंगचे प्रयोग २२ अंशांच्या खोलीत बसून लिहिले जातात, तिथे ८० ला थांबतं. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात तीच चिप शंभरी ओलांडेल. इतक्या उष्णतेत आतल्या तारांतले धातूचे अणू विजेच्या रेट्याने हळूहळू सरकू लागतात आणि चिप कायमची अधू होते. दुसरी गोष्ट कर. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि खाणकामाच्या यंत्रसामग्रीवर केलेला खर्च त्यातून वजा करता येणार नाही, असं अर्थ मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केलं. तोटा दुसऱ्या कशातून वळता करायचीही सोय नाही. वर काढलेला गामाचा रुपया-सव्वा रुपया कर धरण्याआधीचा आहे. पाच रुपये चाळीस पैशांवर तीस टक्के लागले, तर हातात तीन रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे येतात आणि विजेचेच चार जातात.

मग हा उद्योग करायचाच नाही का? शिकण्यासाठी जरूर करावा, आणि इथे मी ओव्हरक्लॉक करणाऱ्यांच्या बाजूने आहे. फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज, उष्णता आणि चूक या चार गोष्टी एकमेकींना कशा ओढतात, हे इतक्या स्वस्तात आणि इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं साधन सहज सापडणार नाही. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेलं वीज आणि व्होल्टेजच्या वर्गाचं नातं इथे मल्टिमीटरवर दिसतं आणि बोटाला चटका लावून पटतं. प्रोसेसर बिघडवून शिकणं महागात पडतं. जुनी काडी गेली तर हळहळ वाटत नाही. ब्लॉक इरप्टर आता दिवसाला एक सातोशी, म्हणजे बिटकॉइनचं सर्वांत लहान एकक, एवढंही कमावत नाही, पण क्रिस्टल बदलून वेग नेमका त्या प्रमाणात वाढतो का, चुका कुठल्या बिंदूला सुरू होतात, हे तिच्यावर आजही तसंच पडताळता येतं.

मात्र शिकायचंच असेल तर स्क्रू दोन्ही बाजूंना फिरवावा. वर नेऊन किती टिकते ते सगळेच बघतात. भिंतीवरच्या प्लगमध्ये वॅटमीटर लावून, फ्रिक्वेन्सी पायरीपायरीने उतरवत, प्रत्येक पायरीला चुका वाढणार नाहीत असं सर्वांत कमी व्होल्टेज शोधायचं आणि दर टेराहॅशला किती जूल लागतात ते वहीत मांडायचं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात मिरवण्यासारखा आकडा निघत नाही. पण आकड्यांची वक्ररेषा काढली की दिसतं, जूल सर्वांत कमी लागतात तो बिंदू सहसा कारखान्याने ठरवलेल्या वेगाच्या खालीच असतो, आणि फार खाली गेलं की हब, पंखा व रास्पबेरी पायची बांधील वीज भारी पडून रेषा पुन्हा वर वळते.